हे फंक्शन कुठून कॉल होतं?

काळ्या पडद्यावर खालच्या बाजूला दहाएक ओळी. माऊस नाही, रंग नाहीत, चित्रं नाहीत. बाणाच्या कळीनं खाली-वर जायचं, हव्या त्या ओळीवर नाव टाइप करायचं आणि एंटर दाबायचा. तिसरी ओळ सांगते, या फंक्शनमधून कोणकोणती फंक्शन्स कॉल होतात. चौथी ओळ नेमकी उलट: या फंक्शनला कोणकोणती फंक्शन्स कॉल करतात. सीस्कोप नावाच्या साधनाचा हा पडदा. 1980च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये तो जसा दिसायचा, जवळपास तसाच आजही दिसतो.

या दोन ओळी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात, पण त्यांच्यामागची मेहनत सारखी नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर फंक्शनच्या पोटातच असतं. फाइल उघडावी, सुरुवातीच्या महिरपी कंसापासून शेवटच्या कंसापर्यंत वाचत जावं आणि कॉल दिसतील ती नावं टिपून घ्यावीत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या फंक्शनमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. ते शेकडो फाइलींपैकी कुठल्याही फाइलीत, कुणीतरी दहा वर्षांपूर्वी लिहून ठेवलेल्या एका ओळीत असू शकतं. पत्र टाकणाऱ्याला पत्ता माहीत असतो. ज्याच्या दारात पत्र पडतं त्याला मात्र कोपऱ्यात ‘प्रेषक’ लिहिलेलं असलं तरच कळतं. आणि दुरुस्तीला बसलेल्या माणसाला बहुतेक वेळा हा दुसराच प्रश्न नडतो, कारण फंक्शन बदलायचं तर त्याच्यावर विसंबून असलेले सगळे आधी माहीत हवेत. हिंजवडीच्या किंवा मगरपट्ट्याच्या ऑफिसात नव्या कोडबेसवर आलेली मुलगी पहिल्याच आठवड्यात शेजारच्या सीनिअरला विचारते ते हेच: ‘अरे, हे फंक्शन कुठून कॉल होतं?’

हा ‘कुठून’ पहिल्यांदा सोडवला गेला तो केंब्रिजमध्ये.

मॉरिस विल्क्स यांच्या गटानं बांधलेला एडसॅक हा संगणक 6 मे 1949 रोजी पहिल्यांदा चालला. त्याची स्मृती म्हणजे पाऱ्यानं भरलेल्या लांब नळ्या. त्यांतून ध्वनीच्या लहरी फिरत राहायच्या आणि त्या लहरींतच आकडे आणि आदेश साठवलेले असायचे. प्रोग्राम कागदी पट्टीवर भोकं पाडून आत जायचा. त्याच वर्षी विल्क्स यांनी पहिला मोठासा प्रोग्राम लिहायला घेतला. जेमतेम सव्वाशे ओळी, पण चुका वीसेक निघाल्या. एकदा जिन्यातून जाताना त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा हिस्सा आपल्याच प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. हा प्रसंग त्यांनी पुढे आठवणींत नोंदवला आहे. या व्यवसायातल्या कुणालाही तो वाचताना तो जिना आपल्याच ऑफिसातला वाटतो.

चुका कमी करायच्या तर एकदा नीट लिहिलेला आणि तपासलेला तुकडा पुन्हा पुन्हा वापरायचा, असं त्यांनी ठरवलं. या तुकड्यांना ते सबरुटीन म्हणत. आजच्या फंक्शनचे ते पूर्वज. वर्गमूळ काढणारं एक सबरुटीन, आकडा छापणारं दुसरं. 1951 सालापर्यंत त्यांच्या संग्रहात अशी 87 सबरुटीन जमली होती. अडचण होती परतण्याची. छापणारं सबरुटीन प्रोग्राममध्ये दहा ठिकाणांहून वापरलं जाणार, तर काम झाल्यावर त्यानं परत जायचं कुठे? एडसॅकमध्ये ‘जिथून आलास तिथे जा’ असा आदेशच नव्हता.

डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकानं काढलेली तोड आजही पाहण्यासारखी आहे. एडसॅकमध्ये आदेश आणि आकडे एकाच स्मृतीत, एकाच रूपात राहायचे. म्हणून कॉल करणारा प्रोग्राम उडी मारण्याआधी एक आदेश चालवायचा, तो असा: ‘मी ज्या जागी बसलो आहे, त्या जागेवरचा मजकूर उचल.’ म्हणजे आदेश स्वतःलाच उचलायचा, आणि त्यात स्वतःच्या जागेचा क्रमांक आयताच असायचा. मग उडी. सबरुटीनचं पहिलं काम म्हणजे हातात आलेल्या या मजकुरात एक ठरावीक आकडा मिळवायचा. त्या बेरजेनं त्याचं रूपांतर परतीच्या उडीत व्हायचं. ती उडी सबरुटीन स्वतःच्याच शेवटच्या ओळीवर लिहून ठेवायचं. काम संपलं की शेवटची ओळ आपोआप घरी पोचवायची. प्रेषकाचा पत्ता पहिल्यांदा पाकिटावर उमटला तो असा. पुढे याला ‘व्हीलर उडी’ हेच नाव पडलं. पत्त्याला जागा मात्र एकच होती. सबरुटीननं स्वतःलाच पुन्हा कॉल केला, तर आधीचा पत्ता पुसला जायचा.

व्हीलर आणि विल्क्स यांचा तिसरा सोबती स्टॅन्ली गिल यानं पुढची पायरी चढली. प्रोग्राम चालताना कुठून कुठे जातो हे डोळ्यांनी पाहता यावं, म्हणून त्यानं एक तपासनीस प्रोग्राम लिहिला. तो मूळ प्रोग्रामचा एकेक आदेश हाती घ्यायचा, चालवायचा आणि त्या आदेशाचं अक्षर टेलिप्रिंटरवर छापायचा. वेग अर्थातच मंदावायचा, पण कागदावर वाट उमटायची. 1951 साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात गिलनं यावर लेख लिहिला. त्याच वर्षी तिघांचं प्रोग्रामिंगवरचं पुस्तकही आलं.

मधली वीस वर्षं झपाट्यानं ओलांडता येतील. भाषा आल्या, परतीचे पत्ते एकावर एक रचून ठेवणारा स्टॅक आला, आणि फंक्शननं स्वतःला कॉल करणं ही नेहमीची गोष्ट झाली. 1970च्या दशकात बेल लॅब्जमध्ये युनिक्स आणि सी ही जोडी घडली. सी लिहिणाऱ्यांना छोटी छोटी फंक्शन्स लिहायची सवय लागली. लिहिताना ते सुखाचं होतं. वाचताना मात्र एका फंक्शनमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं भटकावं लागायचं, आणि पाचव्या फंक्शनपर्यंत पोचल्यावर आपण निघालो कशासाठी होतो हेच विसरायला व्हायचं. या भटकंतीवर उतारा म्हणून साधनं निघाली. बर्कलेच्या युनिक्समध्ये केन अर्नोल्डचं सीटॅग्ज आलं. ते नावावरून व्याख्येपर्यंत नेऊन सोडायचं. सीफ्लो हे साधन पूर्ण प्रोग्रामचं झाड छापायचं, वरून खाली, प्रत्येक पायरीला थोडी जागा सोडून. तेच झाड उलटं करून हवं असेल, तर त्यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागायचा. पुन्हा तोच ‘कुठून’, आणि पुन्हा तो दुसऱ्या क्रमांकावर.

त्याला मुख्य पडद्यावर बरोबरीची जागा मिळाली ती सीस्कोपमध्ये. बेल लॅब्जमधल्या जो स्टेफननं 1980च्या दशकाच्या सुरुवातीला ते लिहिलं आणि जानेवारी 1985च्या युजनिक्स परिषदेत त्यावर निबंध वाचला. तो पीडीपी-11 यंत्रांचा काळ होता. त्या यंत्राचा पत्ता 16 बिटांचा, म्हणून एका प्रोग्रामला एका वेळी दिसणारी जागा 64 किलोबाइट. आज फोनमधला एक साधा फोटो त्याहून कितीतरी मोठा असतो. एवढ्या जागेत लाखभर ओळींच्या कोडची माहिती मावणं शक्यच नव्हतं. म्हणून सीस्कोप सगळा कोड एकदा वाचून त्याचा सारांश डिस्कवरच्या एका फाइलीत उतरवून ठेवायचं.

ही फाइल उघडून पाहण्यासारखी असते. महत्त्वाच्या नोंदींआधी एक खूण असते. फाइलीचं नाव असेल तर ‘@’, फंक्शनची व्याख्या सुरू होत असेल तर ‘$’, कॉल असेल तर उलटं अवतरणचिन्ह ‘`’, फंक्शन संपलं की ‘}’. चौथ्या ओळीचा प्रश्न विचारला, की सीस्कोप ही फाइल वरून खाली वाचत सुटतं. वाटेत ‘$’ खूण दिसली की त्यापुढचं नाव लक्षात ठेवायचं. विचारलेलं नाव कॉलच्या खुणेसह दिसलं, की लक्षात ठेवलेलं नाव उत्तर म्हणून पुढे करायचं. बस, एवढंच. एका वेळी एकच नाव आठवायचं, बाकीचं डिस्कवर. 64 किलोबाइटांच्या घरात राहणाऱ्यानं शोधलेला हा संसार आहे, आणि तो फार नेटका आहे.

फाइल लहान राहावी म्हणून केलेली काटकसर तर त्याहून सुंदर. एका बाइटनं 256 वेगवेगळी चिन्हं दाखवता येतात, पण इंग्रजी मजकुराला त्यातली निम्मीच लागतात. उरलेल्या 128 जागा रिकाम्या. सी भाषेच्या कोडमध्ये जोडीनं वारंवार येणारी चिन्हं निवडली गेली: जोडीतलं पहिलं 16 चिन्हांपैकी, दुसरं 8 चिन्हांपैकी. सोळा आठे एकशे अठ्ठावीस. एस-टी, ई-आर, आय-एन अशा जोड्या दोन बाइटांऐवजी एकात बसल्या. शोधायचं नावही आधी त्याच पद्धतीनं आवळून घ्यायचं, म्हणजे फाइल उलगडावीच लागत नाही. ज्यांना साधी फाइल हवी त्यांच्यासाठी ही काटकसर बंद करण्याचा पर्याय आजही आहे.

सीस्कोप कोड कंपायलरसारखा काटेकोरपणे समजून घेत नाही, अंदाजानं वाचतं. म्हणूनच अर्धवट लिहिलेल्या, कंपाइल न होणाऱ्या कोडवरही ते चालतं, आणि सी++ किंवा जावाच्या कोडवरही बरंच काही शोधून देतं.

या साधनाची मालकी युनिक्सबरोबर हातोहात फिरली. एटी अँड टीकडून नॉव्हेलकडे, 1995 साली तिथून सँटा क्रूझ ऑपरेशन म्हणजे एससीओकडे. एप्रिल 2000 मध्ये एससीओनं सीस्कोप बीएसडी परवान्याखाली सर्वांसाठी खुलं केलं. तेव्हापासून लिनक्सवर काम करणाऱ्या हजारो लोकांच्या यंत्रावर ते आहे. लिनक्सच्या कर्नलच्या बिल्ड व्यवस्थेत सीस्कोपची फाइल बनवण्याचा आदेश आधीपासून लिहून ठेवलेला आहे. व्हिम संपादकातूनही ते विचारता येतं.

पण वाचून कळतं ते सगळं खरं असतं का? बर्कलेत सुझन ग्रॅहॅम, पीटर केसलर आणि मार्शल कर्क मॅकक्युसिक यांच्यापुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला होता. त्यांच्या प्रोग्रामचा वेळ कुठे जातो हे मोजणारं जुनं साधन सांगायचं, की अमुक एका छोट्या फंक्शनमध्ये सर्वांत जास्त वेळ जातो. पण ते फंक्शन पन्नास ठिकाणांहून कॉल व्हायचं. वेळ खाणारा खरा कोण, हे कॉल करणाऱ्यापर्यंत गेल्याशिवाय कळणार नव्हतं. 1982 साली त्यांनी जीप्रोफ मांडलं. कंपायलर प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी एका मोजणी करणाऱ्या फंक्शनचा कॉल घुसवायचा. हा मोजणीदार स्टॅकवरचा परतीचा पत्ता वाचायचा आणि कोण कोणाकडे किती वेळा आलं याची नोंद ठेवायचा. व्हीलरनं घरी परतण्यासाठी लिहिलेला पत्ता इथे साक्षीदार म्हणून उभा राहिला.

साक्षीदाराची गरज का पडते, हे लिनक्सच्या कर्नलमध्ये नीट दिसतं. एखाद्या प्रोग्रामनं फाइल वाचायला सांगितली, की कर्नलमधलं व्हीएफएस_रीड हे फंक्शन चालतं. इथपर्यंत सीस्कोप बोट धरून नेतं. मग हे फंक्शन फाइलीसोबत आलेल्या एका कोष्टकात पाहतं आणि तिथे ‘वाचण्यासाठी’ म्हणून ज्या फंक्शनचा पत्ता लिहिला असेल, त्याला कॉल करतं. फाइल हार्ड डिस्कवरची असेल तर एक पत्ता, नेटवर्कवरची असेल तर दुसरा, कीबोर्डसारखं उपकरण असेल तर तिसराच. कोडमध्ये त्या जागी नाव नसतंच, फक्त ‘कोष्टकात जे असेल ते’. सीस्कोपची वाट इथे संपते. कर्नल आज चार कोटी ओळींच्या घरात आहे आणि असे हजारो सांधे त्यात आहेत.

हा गुंता ओळखणारं संशोधन फार आधी सुरू झालं होतं. बार्बरा रायडर यांनी 1979 साली कॉलचा आलेख कसा उभारायचा यावर निबंध लिहिला, तेव्हा त्यांच्यासमोर फोरट्रानमधले असे प्रोग्राम होते जिथे एक सबरुटीन दुसऱ्याला तिसऱ्याचं नाव माहिती म्हणून देतं. 1981 साली मिका शरीर आणि अमीर प्न्यूली यांनी ‘कॉल स्ट्रिंग’ची कल्पना मांडली: विश्लेषण करताना कुठल्या कॉलवरून कुठल्या कॉलमार्गे इथवर आलो, ही पूर्ण माळ सोबत बाळगायची. कल्पना अचूक, पण फंक्शन स्वतःलाच कॉल करू लागलं की माळ संपतच नाही. त्यामुळे ही पद्धत पुस्तकात राहिली आणि व्यवहारात लोक माळ दोन-तीन मण्यांवर तोडू लागले. तिला पुन्हा उभं केलं ते पवईत. आयआयटी मुंबईतले उदय खेडकर आणि बागेश्री करकरे यांनी 2008 साली दाखवलं, की दोन वेगवेगळ्या माळा घेऊन फंक्शनच्या दारात येणारी माहिती सारखीच असेल, तर आत दोघींचा हिशेब वेगळा करण्याचं कारण नाही. एकच माळ आत न्यावी, बाहेर पडताना दुसरीलाही तेच उत्तर द्यावं. त्यामुळे अचूकता न गमावता माळा आटोक्यात आल्या. पुढच्याच वर्षी अमिताभ सन्याल यांच्यासह दोघांचं या विषयावरचं पुस्तक आलं. ‘कुठून’ या प्रश्नाच्या इतिहासात मुंबईचा हा वाटा ठळकपणे सांगायला हवा. तो आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे.

त्याच 2008 साली चालत्या कर्नलमध्ये डोकावण्याचं साधन लिनक्समध्ये दाखल होत होतं. स्टीव्हन रोस्टेड याचं एफट्रेस. कल्पना जीप्रोफचीच: प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी कंपायलरनं घुसवलेला कॉल. पण कर्नलमध्ये एवढ्या फंक्शन्सना हा बोजा कायमचा परवडणारा नव्हता. म्हणून युक्ती अशी, की हे कॉल चालत्या कर्नलमध्येच खोडून त्यांच्या जागी ‘काही करू नकोस’ असा आदेश लिहायचा. मागोवा हवा असेल तेव्हाच कॉल परत जागच्या जागी बसवायचे. पहिल्या रचनेत प्रत्येक कॉल पहिल्यांदा चालला की आपली जागा एका यादीत नोंदवायचा आणि थोड्या वेळानं एक सेवक त्या यादीप्रमाणे खोडाखोड करत फिरायचा.

सप्टेंबरमध्ये तक्रारी आल्या. नव्या कर्नलची चाचणी आवृत्ती चालवणाऱ्यांची इंटेलची नेटवर्क कार्डं मरत होती. नुसती बंद पडत नव्हती. कार्डावरची कायमस्वरूपी स्मृती बिघडल्यामुळे संगणकाला ती ओळखूच येईनात. संशय साहजिकच त्या कार्डाच्या ड्रायव्हरवर, ई1000ईवर गेला. उबुंटूच्या चाचणी आवृत्तीत तो ड्रायव्हरच बंद ठेवावा लागला. कित्येक आठवडे शोध चालला आणि शेवटी बोट एफट्रेसकडे वळलं. ड्रायव्हर चालू होताना एकदाच लागणारा कोड काम झाल्यावर स्मृतीतून काढून टाकला जातो. त्याची जागा मात्र एफट्रेसच्या यादीत शिल्लक राहिली होती. मोकळ्या झालेल्या त्याच पत्त्यावर पुढे कार्डाची कायम स्मृती जोडली गेली. सेवक यादी घेऊन तिथे पोचला. त्यानं काळजी घेतली होती: आधी तिथला मजकूर अपेक्षित आहे का ते पाहायचं, असेल तरच बदलायचा. पण या कामासाठी वापरलेला प्रोसेसरचा आदेश मजकूर जुळला नाही तरी जुनाच मजकूर तिथे पुन्हा लिहितो. साध्या स्मृतीत त्यानं काही बिघडत नाही. कार्डाच्या स्मृतीत मात्र त्या एका लिहिण्यानं कार्ड मेलं. कॉल कुठून कुठे जातात हे पाहणारं साधन जुन्या पत्त्यावर जाऊन धडकलं होतं.

2.6.27 ही आवृत्ती 9 ऑक्टोबरला आली. पाठोपाठच्या दुरुस्तीत ही खोडाखोड बंद करण्यात आली, आणि पुढच्या आवृत्तीसाठी रोस्टेडनं रचना मुळापासून बदलली. आता कॉलच्या जागांची यादी कर्नल बनवतानाच तयार होते आणि एकदाच लागणारा कोड काढताना त्याच्या नोंदीही यादीतून जातात. सेवकाची गरजच उरली नाही.

2009 साली फ्रेडरिक वाइसबेकर यानं एफट्रेसमध्ये फंक्शन ग्राफ आणला. फंक्शनमध्ये शिरताना तो स्टॅकवरचा परतीचा पत्ता काढून बाजूला ठेवतो आणि त्या जागी स्वतःचा पत्ता लिहितो. फंक्शन घरी परतायला निघालं की आधी मागोवा घेणाऱ्याच्या दारात येतं. तो वेळ नोंदवतो आणि मग त्याला खऱ्या पत्त्यावर धाडतो. पडद्यावर कंसांची उतरंड दिसते, प्रत्येक फंक्शनसमोर मायक्रोसेकंद. व्हीएफएस_रीडच्या कंसात कोष्टकामागे लपलेलं फंक्शन आता नावानिशी उभं असतं. व्हीलरनं शेवटच्या ओळीवर पत्ता लिहिला त्याला तेव्हा साठ वर्षं होत होती.

संपादकांच्या जगात हे दोन्ही प्रश्न आता करारात नोंदले गेले आहेत. संपादक आणि भाषा समजणारा सर्व्हर यांनी एकमेकांशी कसं बोलायचं, हे ठरवणाऱ्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलच्या 3.16 आवृत्तीत, डिसेंबर 2020 मध्ये, ‘येणारे कॉल’ आणि ‘जाणारे कॉल’ अशा दोन मागण्या आल्या. सी आणि सी++ साठीच्या क्लँगडी या सर्व्हरनं त्यातली एक लवकर पुरवली. ती होती येणाऱ्या कॉलची. त्याच्या सूचीत प्रत्येक नावाखाली ते कुठे कुठे वापरलं आहे आणि कोणत्या फंक्शनच्या आत, हे आधीच लिहिलेलं असतं. ‘कुठून’ विचारलं की उत्तर तयार. ‘इथून कोण कॉल होतं’ याच्यासाठी मात्र तीच सूची उलट्या बाजूनं पुन्हा बांधावी लागते आणि तिला वेगळी स्मृती लागते. ती सोय क्लँगडीत आली 2025 साली, विसाव्या आवृत्तीत.